लुआऊतील अग्रासन : हवाई बेटांवरील मेजवानीच्या बैठकीचा सामाजिक अर्थ

प्रस्तावना

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांना भेट देणारा पर्यटक सहसा ‘लुआऊ’चा अनुभव घेतल्याखेरीज परतत नाही. सायंकाळी समुद्रकाठी भरणारी मेजवानी, जमिनीतील भट्टीत शिजवलेले डुक्कर, हुला नृत्य आणि गळ्यात घातला जाणारा हार हे तिचे सर्वपरिचित रूप होय. या मेजवानीची तिकिटे आज बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन श्रेणींत विकली जातात. साधे तिकीट घेणारा मागील टेबलाशी बसतो. अधिक रक्कम मोजणाऱ्यास रंगमंचालगतची जागा, आधी प्रवेश आणि आधी जेवण मिळते. या वरच्या श्रेणीस ‘प्रीमियम सीटिंग’ म्हणतात. मराठीत तिला ‘अग्रासन’ म्हणण्यास हरकत नाही.

पर्यटन व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही एक साधी विक्रीची युक्ती आहे. नाट्यगृहात, विमानात, क्रिकेटच्या मैदानातही तीच चालते. मात्र हवाईच्या इतिहासात जेवताना कोणी कोठे बसावे हा प्रश्न धर्माचा, सत्तेचा आणि काही प्रसंगी जीवनमरणाचा होता. ज्या एका जेवणाने तेथील जुनी समाजव्यवस्था कोसळली, त्या जेवणातील निर्णायक कृती म्हणजे राजाने आपली जागा बदलणे ही होती. अशा भूमीत बसण्याची जागा पैशाने विकली जाऊ लागते तेव्हा नेमके काय विकले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पान आणि पंगत

‘लुआऊ’ या शब्दाचा मूळ अर्थ मेजवानी असा नाही. हवाई भाषेत लुआऊ म्हणजे अळूचे कोवळे पान. नारळाच्या दुधात कोंबडी किंवा ऑक्टोपस घालून या पानांचा जो पदार्थ करतात, त्यालाही तेच नाव आहे. मेजवानीला जुना शब्द ‘आहाआइना’ असा असून, जेवणासाठी जमणे असा त्याचा आशय आहे. पानाचे नाव जेवणाला लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. पुकुई आणि एल्बर्ट यांच्या प्रमाणभूत हवाई शब्दकोशात या अर्थाचा वापर १८५६ मधील होनोलुलूच्या एका वृत्तपत्रापर्यंत मागे नेलेला आहे. म्हणजे ज्याला आज ‘पारंपरिक लुआऊ’ म्हटले जाते त्याचे नावही फार जुने नाही.

येथे मराठी वाचकाला एक ओळखीची खूण सापडते. हवाईचा ‘कालो’ आणि महाराष्ट्रातील अळू ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत अळूच्या फदफद्याला जे स्थान होते तेच तेथे कालोच्या पानाला आहे. घसा खवखवू नये म्हणून आपण चिंच किंवा आमसूल घालतो, तर हवाईत पाने दीर्घकाळ शिजवतात. फरक असा, की आपल्याकडे अळू हे तोंडीलावणे राहिले आणि हवाईत त्याचा कंद हेच मुख्य अन्न झाले. कंद वाफवून, दगडी बत्त्याने लाकडी पाटावर कुटून, पाणी घालून जो चिकट लगदा होतो तो पोई. एकदोन दिवस ठेवल्यावर तो आंबतो, आणि जाणकार तसाच पसंत करतात.

हवाईच्या वंशकथेत कालोचे नाते याहून खोल आहे. वाकेआ आणि होओहोकूकलानी यांचे पहिले अपत्य मृत जन्मले. त्याला पुरले त्या जागी कालोचे रोप उगवले. दुसरे अपत्य हालोआ हे मानवाचे पूर्वज ठरले. या न्यायाने कालो हा माणसाचा थोरला भाऊ ठरतो, त्याने धाकट्याला पोसावे आणि धाकट्याने त्याची निगा राखावी. कुटुंबवाचक ‘ओहाना’ हा शब्दही कालोच्या कंदाला फुटणाऱ्या ‘ओहा’ या पिल्लापासून आला आहे. पोईचे भांडे उघडे असताना भांडण करू नये हा जुन्या घरांतील शिरस्ता होता. वडीलधाऱ्यासमोर आवाज चढवू नये, असाच त्याचा भाव आहे.

१८१९ चे जेवण

प्राचीन हवाईत स्त्रीपुरुषांनी एकत्र जेवणे निषिद्ध होते. या निर्बंधाला ‘आइ कापू’ म्हणत. पुरुषांचे जेवणघर निराळे, स्त्रियांचे निराळे. दोघांचे अन्न वेगवेगळ्या भट्ट्यांत शिजे, आणि दोन्ही भट्ट्या पेटवण्याचे काम पुरुषांकडे असे. डुकराचे मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही प्रकारचे मासे स्त्रियांना वर्ज्य होते. राणीलाही यातून सूट नव्हती. नियमभंगाला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शके. पंक्तिभेद हा शब्द आपल्याकडे जातीच्या संदर्भात येतो. हवाईत तोच भेद लिंगाच्या आणि दर्जाच्या आधारे, देवतांच्या नावाने, राज्यव्यवस्थेचा कणा बनलेला होता.

८ मे १८१९ रोजी बेटांचे एकीकरण करणारा राजा पहिला कामेहामेहा मरण पावला. त्याचा मुलगा लिहोलिहो गादीवर आला तेव्हा तो बाविशीच्या आतबाहेर होता. खरी सत्ता दोन स्त्रियांच्या हाती होती : दिवंगत राजाची प्रिय राणी काआहुमानू आणि लिहोलिहोची जन्मदात्री केओपुओलानी. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी कैलुआ येथे मेजवानी झाली. युरोपीय पद्धतीने दोन टेबले मांडली होती, एक पुरुषांचे आणि एक स्त्रियांचे. जेवण सुरू झाल्यावर तरुण राजा उठला, जणू पाहुण्यांची विचारपूस करीत दोन्ही टेबलांभोवती फिरला आणि अचानक स्त्रियांच्या टेबलाशी रिकाम्या जागेवर बसून जेवू लागला. तो मनातून फार अस्वस्थ होता, असे वृत्तांतात नमूद आहे. जमलेल्यांनी टाळ्या वाजवून ‘आइ नोआ’, म्हणजे जेवण मोकळे झाले, असा घोष केला. पाठोपाठ देवळे व मूर्ती नष्ट करण्याच्या आज्ञा सुटल्या.

हे सर्वांना मान्य नव्हते. राजाचा चुलतभाऊ केकुआओकालानी जुन्या धर्माच्या बाजूने उभा राहिला आणि डिसेंबर १८१९ मध्ये कुआमोओच्या लढाईत पत्नी मानोनो हिच्यासह मारला गेला. अमेरिकन मिशनऱ्यांचे पहिले जहाज आले ते यानंतर, १८२० च्या वसंतात. मिशनऱ्यांनी जुना धर्म बुडवला हा समज म्हणूनच अर्धवट आहे. तो एका जेवणात, हवाईच्याच माणसांनी, जागा बदलून बुडवला होता. तीस वर्षांनी, १८४९ मध्ये, मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. तिच्या सभासदाला जातिनिर्बंध मोडल्याची खूण म्हणून परधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे, आणि तोही गुप्तपणे. कैलुआच्या राजाने जे केले ते उघड्यावर केले. अर्थात त्याच्यामागे राज्य होते, हेही विसरून चालणार नाही.

मानाबरोबर येणारे ऋण

स्त्रीपुरुषांचा पंक्तिभेद गेला म्हणून दर्जाचा मान गेला नाही. ‘अलीई’ म्हणजे सरदार-राजे यांचे स्थान पुढे शतकभर टिकले. या मानाचे स्वरूप मात्र समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आजच्या अग्रासनाशी त्याची तुलना केली जाते. प्रजा आपल्या पिकाचा वाटा ‘होओकुपू’ म्हणून अलीईला देत असे. अलीईने त्यातून देवांचे देणे फेडावे, पाण्याचे पाट राखावेत, अडचणीत अन्न पुरवावे अशी अपेक्षा असे. मोठा मान म्हणजे मोठे देणे, हा या व्यवहाराचा गाभा होता.

हे देणे चुकवणाऱ्याचे काय होई, याची एक कथा काऊ या दक्षिणेकडील भागात सांगितली जाते. कोइहाला नावाच्या सरदाराने प्रजेला अन्न तयार करून अमुक ठिकाणी आणण्यास सांगितले आणि स्वतः होडीने पुढे निघून गेला. ओझी वाहणारी माणसे पोचली की तो आणखी पुढे गेलेला असे. पुन्हा पुन्हा हेच घडल्यावर थकल्या-भुकेल्या माणसांनी ते अन्न स्वतः खाल्ले, पानांच्या गाठोड्यांत दगड भरले आणि सरदार भेटला तेव्हा त्याच दगडांनी त्याला ठेचून मारले. कथा म्हणून तिचा ऐतिहासिक पुरावा शोधण्याचे कारण नाही. मेजवानीत वरच्या जागी बसणाऱ्याकडून समाज काय अपेक्षितो, हे तिच्यात पुरेसे स्पष्ट आहे.

याउलट चित्र १८४७ मधील मेजवानीचे आहे. ब्रिटिश नौदलाच्या एका अधिकाऱ्याने पाच महिने बळकावलेले राज्य ३१ जुलै १८४३ रोजी परत मिळाले होते. त्या दिवसाच्या स्मरणार्थ तिसऱ्या कामेहामेहाने नुउआनू खोऱ्यात हजारो लोकांना जेवू घातले. त्या वेळच्या यादीत २७१ डुकरे, ४८२ मोठी भांडी पोई आणि ६०२ कोंबड्या यांचा उल्लेख आढळतो. तिकीट अर्थातच नव्हते. लोक आले ते राज्य परत मिळाल्याचे साक्षी म्हणून आले.

राजवाडा ते हॉटेल

राजा कालाकाउआ याच्या कारकिर्दीत लुआऊला पुन्हा राजकीय तेज आले. १८३० मध्ये सार्वजनिक हुलावर बंदी घालणारी व्यक्ती काआहुमानूच होती. जेवणाचा कापू मोडणाऱ्या राणीने ख्रिस्ती झाल्यावर नृत्याचा नवा कापू निर्माण करावा, हा इतिहासातील एक विचित्र योग म्हटला पाहिजे. कालाकाउआने १८८३ च्या राज्याभिषेकात आणि १८८६ च्या पन्नासाव्या वाढदिवसाला हुला सन्मानाने परत आणला. फेब्रुवारी १८८९ मध्ये वैकिकी येथील एका घरगुती लुआऊचे छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात राजा कालाकाउआ, त्याची बहीण लिलिउओकलानी आणि पाहुणा म्हणून आलेला स्कॉटिश कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन एकाच लांब पंगतीत खाली बसलेले दिसतात. समोर पानांवर अन्न मांडले आहे.

त्यानंतर चारच वर्षांनी, १७ जानेवारी १८९३ रोजी, राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेस जोडली गेली आणि १९५९ मध्ये ते पन्नासावे राज्य झाले. त्याच वर्षी जेट विमानांची सेवा सुरू होऊन पर्यटकांची संख्या झपाट्याने वाढू लागली. साखर आणि अननस यांची जागा हळूहळू पर्यटनाने घेतली. १९६३ मध्ये लाइए येथे पॉलिनेशियन कल्चरल सेंटर उघडले. मॉर्मन चर्चच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तेथे काम करून शिक्षणाचा खर्च भागवावा, असा त्यामागील एक हेतू होता. व्यावसायिक लुआऊवर टीका करताना ही बाजू ध्यानात ठेवावी लागते. पुढच्या पिढीतील कित्येक नर्तक-वादकांना कला सोडावी लागली नाही, ती या रंगमंचामुळे.

टीका मात्र कठोर झाली आहे. हवाईयन विदुषी हाउनानी-के ट्रास्क (१९४९-२०२१) यांनी पर्यटन उद्योगाने हवाईच्या संस्कृतीला बाजारात उभे केले असा आरोप केला आणि त्यासाठी वेश्याव्यवसायाची उपमा वापरली. समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेल यांनी १९७३ मध्ये मांडलेली ‘रंगमंचित अस्सलपणा’ ही संकल्पनाही येथे लागू केली जाते. अस्सलपणाचा मुद्दा येथे फार ताणण्यात अर्थ नाही. लुआऊच्या ताटातील लोमी सामनमधला खारवलेला मासा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून आला, शेवयांची कोंबडी चिनी मजुरांबरोबर आली आणि कार्यक्रमाच्या शेवटी येणारे अग्निसुरीचे नृत्य मुळात सामोआचे आहे. संस्कृती अशीच घडते. अधिक महत्त्वाचा प्रश्न बैठकीचा आहे.

अग्रासनाची व्यवस्था

आजचा लुआऊ वेळापत्रकाने बांधलेला असतो. सूर्यास्तापूर्वी पाहुणे रांगेत उभे राहतात. वरच्या श्रेणीच्या पाहुण्यांना वेगळ्या वाटेने आधी आत घेतात. काही ठिकाणी त्यांना ताज्या फुलांचा हार आणि इतरांना शिंपल्यांचा हार देतात. मग ‘इमू’ उघडण्याचा विधी होतो. इमू म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा. त्यात लाकडे पेटवून सच्छिद्र ज्वालामुखी दगड तापवतात. घट्ट दगड उष्णतेने फुटण्याचा धोका असतो. वर ठेचलेले केळीचे खांब आणि ‘ती’ नावाच्या झुडपाची पाने पसरतात, पोटात तापलेले दगड भरलेले डुक्कर ठेवतात, पुन्हा पाने, ओली गोणपाटे आणि माती घालून वाफ कोंडतात. कित्येक तासांनी मांस इतके मऊ होते की ते हातानेच सुटते. अग्रासनाधिकारी या खड्ड्याच्या काठाशी उभा राहू शकतो. मात्र शेकडो पाहुण्यांना एक डुक्कर पुरत नाही, हे उघड आहे. ताटात येणारे बरेचसे मांस आतल्या स्वयंपाकघरातील भट्टीतून आलेले असते.

नंतर टेबलांच्या क्रमाने जेवण घेण्यास बोलावतात. पुढची टेबले आधी, मागची शेवटी. काही ठिकाणी वरच्या श्रेणीला जागेवरच वाढतात. प्रौढ व्यक्तीचे तिकीट अनेक ठिकाणी दीडशे डॉलरांच्या पुढे जाते आणि अग्रासनासाठी त्यावर आणखी रक्कम पडते. या श्रेणींना नावे देताना ‘रॉयल’ किंवा ‘अलीई’ अशा शब्दांचा सर्रास आधार घेतला जातो. ज्या राजघराण्याला १८९३ मध्ये सिंहासनावरून उतरवले, त्याची पदवी एका सायंकाळपुरती कोणालाही विकत मिळते. अलीईच्या मानाबरोबर येणारे ऋण तेवढे या तिकिटात नसते. पाहुण्याने पैसे मोजले की त्याचे देणे संपले.

अपवादही आहेत, आणि ते बोलके आहेत. मावी बेटावरील लहाइना येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड लहाइना लुआऊ’ या मेजवानीत रंगमंचालगतची बैठक चटया-उशांवर, ठेंगण्या टेबलांभोवती केलेली असते. खुर्च्या तिच्यामागे असतात. सर्वांत पुढची जागा म्हणजे जमिनीची जागा. १८८९ च्या छायाचित्रातील बैठकीची आठवण यातून येते. गुडघे साथ देत नाहीत त्यांना मागे बसावे लागते, हा त्यातील किरकोळ व्यावहारिक भाग.

लहाइनाचे नाव निघाले की पाण्याचा विषय टाळता येत नाही. हे गाव १८२० ते १८४५ या काळात राज्याची राजधानी होते. तेथे पाणथळ जमिनी होत्या आणि कालोची शेते होती. ऊसमळ्यांनी ओढ्यांचे पाणी वळवल्यावर परिसर कोरडा पडला. कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि पडीक मळ्यांत परदेशी गवत माजले. ८ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात गाव जळाले आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मेजवानीचे स्थळ वाचले आणि २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. वणव्याला वाराही कारण होता, वीजवाहक ताराही होत्या. तरीही कालोचे पाणी कोणाच्या वाट्याला गेले हा प्रश्न त्यानंतर अधिक तीव्रतेने विचारला जाऊ लागला. ओआहू बेटावरील वाइआहोले पाटाच्या खटल्यात हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच पाणी हे लोकांच्या वतीने जपावयाचे विश्वस्त धन आहे, हे तत्त्व ठामपणे मांडले होते. लुआऊच्या टेबलावरील वाटीभर पोई या वादापासून दूर नाही. बहुतेक पर्यटक ती एक चमचा चाखून बाजूला सारतात.

यजमानाची जागा

या सर्व मांडणीत एका व्यक्तीची जागा दिसत नाही, ती म्हणजे यजमानाची. यावर मराठी वाचक आक्षेप घेईल, की आपल्या पंगतीतही यजमान बसत नाही. तो वाढत हिंडतो, आग्रह करतो आणि शेवटच्या पंगतीला जेवतो. आक्षेप योग्य आहे. परंतु तेथे उभे राहणे हा यजमानाचा अधिकार असतो. कोणाला बोलवायचे, कोणाला आग्रह करायचा, हे तो ठरवतो, आणि उद्या पाहुण्याच्या घरी त्याचे पान मांडले जाणार असते. व्यावसायिक लुआऊत उभा असणारा हवाईयन तरुण यांपैकी काहीच ठरवत नाही. त्याच्या भूमीवर, त्याच्या पूर्वजांच्या पदव्यांनी, पाहुण्यांची उतरंड तिकीटघरात लागलेली असते. तो पुढच्या टेबलाला आधी वाढतो, कारण तक्त्यावर तसे लिहिले आहे. १८१९ मध्ये राजाला एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जाता आले. या वाढप्याला ते शक्य नाही.

लुआऊ एवढ्यावरच संपलेला नाही. हवाईयन कुटुंबांत मुलाचा पहिला वाढदिवस मोठ्या मेजवानीने साजरा करण्याची चाल आजही आहे. पूर्वी अनेक बालके वर्ष पुरे करीत नसत, म्हणून त्या दिवसाला विशेष महत्त्व आले. महिनोन्महिने आधी तयारी सुरू होते. कोणी डुक्कर देतो, कोणी मासे आणतो, कोणी आदल्या रात्री इमूसाठी दगड रचून जागतो. तंबू अंगणात नाहीतर मोटारीच्या गॅरेजसमोर उभारतात. वृद्धांना पंख्याजवळची जागा मिळते, आणि ती कोणी मागावी लागत नाही. मुलाचे आईबाप दिवसभर धावपळ करून उशिरा, जिथे बाक रिकामे दिसेल तिथे बसतात. पाहुणे निघताना उरलेले अन्न अॅल्युमिनियमच्या कागदात बांधून त्यांच्या हाती दिले जाते. पुढील वर्षी कोणाच्या मुलाचा वाढदिवस आहे आणि त्या वेळी आपण काय न्यायचे, हे बोलणे बहुधा त्याच वेळी फाटकाशी चाललेले असते.